गंज-ए-सवाई ते कुबेर

१८ नोव्हेंबर २००८ रोजी एडनच्या आखातात भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस तबर’ला एक संशयास्पद जहाज दिसलं. डेकवर हत्यारबंद माणसं होती आणि मागे वेगवान होड्या बांधलेल्या होत्या. तपासणीसाठी थांबा, असा इशारा देताच युद्धनौकाच उडवून देण्याची धमकी आली. तबरनं स्वसंरक्षणार्थ तोफा डागल्या, जहाजावर स्फोट झाले आणि ते बुडालं. सोमाली चाच्यांचं ‘मदरशिप’ बुडवल्याची बातमी देशभर अभिमानानं छापली गेली. काही दिवसांनी कळलं की ते ‘एकावत नावा ५’ नावाचं थायलंडचं मासेमारी जहाज होतं. चाच्यांनी ते पळवलेलं होतं आणि त्याचे खलाशी ओलीस म्हणून आतच होते.

तबरच्या कारवाईनंतर आठव्या दिवशी, २६ नोव्हेंबरच्या रात्री, मुंबईच्या कफ परेडजवळ बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून दहा तरुण उतरले. कराचीहून निघालेल्या या टोळीनं वाटेत पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली होती. तिचे खलाशी आधीच मारले होते. तांडेलाला वाट दाखवायला जिवंत ठेवलं आणि मुंबई दिसू लागल्यावर त्याचाही गळा चिरला. वस्तीतल्या माणसांनी या दहा जणांना हटकलं होतं. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं मारली गेली.

या दोन घटना मला कायम एकत्र आठवतात. सोमाली चाच्याला खंडणी हवी असते, म्हणून ओलीस जिवंत राहण्यात त्याचा फायदा असतो. कुबेरवर चढलेल्यांना खंडणी नको होती, त्यांना माणसं मारायची होती आणि ती मारताना जगानं बघावं असं वाटत होतं. हा फरक मोठा आहे. पण समुद्रात दोघांची रीत सारखीच होती: गरिबाची होडी पळवायची, तिच्या आड लपायचं आणि कुठल्याच राज्याचा झेंडा न लावता हल्ला करायचा. अशा शत्रूशी राज्यसंस्थेनं कसं लढावं, या प्रश्नाला आपल्या किनाऱ्यावर तीनशे वर्षांपेक्षा जास्त वय आहे.

सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाच्या मालकीचं ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज मोखा बंदराहून सुरतेकडे परतत होतं. त्यावर हज करून आलेले यात्रेकरू होते, बायका होत्या, व्यापाऱ्यांचं सोनं-चांदी होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं ते गाठलं. एव्हरीनं आदल्याच वर्षी स्पेनच्या बंदरात बंड करून आपल्या मालकांचं जहाज पळवलं होतं. लढाईच्या सुरुवातीलाच गंज-ए-सवाईवरची एक तोफ फुटली आणि जहाजाची मुख्य डोलकाठीही पडली. त्यानंतर कित्येक दिवस जहाजावर लूट चालली, छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. अब्रू वाचवण्यासाठी काही जणींनी जीव दिला. मोगल इतिहासकार खाफी खान लुटीचा आकडा बावन्न लाख रुपये देतो.

औरंगजेबानं एव्हरीचा माग काढायला आरमार पाठवलं नाही. त्यानं थेट ईस्ट इंडिया कंपनीला धरलं. सुरतेची वखार बंद झाली, तिथले इंग्रज बेड्या घालून कोंडले गेले आणि कित्येक महिने कोंडलेलेच राहिले. लूट करणारे आमच्या हुकमातले नाहीत, ते आमचेही गुन्हेगार आहेत, असं कंपनी परोपरीनं सांगत होती. बादशहाचं म्हणणं साधं होतं. माणसं तुमची, जहाज तुमचं, बोली तुमची, तेव्हा जबाबदारी तुमची. ‘ते सरकारबाह्य घटक आहेत’ असं एका बाजूनं म्हणायचं आणि ‘ते तुमच्याच भूमीवरून आले’ असं दुसऱ्या बाजूनं बजावायचं, हा २००८ नंतर आपण रोज ऐकलेला वाद १६९५ मध्ये सुरतेत झडला होता. अखेर यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण द्यायचं कंपनीनं कबूल केलं, तेव्हा कुठे वखार उघडली.

इंग्लंडच्या सरकारनं एव्हरीवर इनाम लावलं आणि आपल्या साऱ्या वसाहतींना त्याला पकडण्याचे हुकूम सोडले. तरीही तो सापडला नाही. कारण तो आधी बहामा बेटांवर गेला होता आणि तिथला गव्हर्नर निकोलस ट्रॉट यानं भरपूर लाच घेऊन त्याच्या टोळीला बंदरात घेतलं होतं. चाच्याला समुद्रावर फार दिवस राहता येत नाही. पाणी, दारूगोळा, शिडाचं कापड, लुटीचं गिऱ्हाईक हे सगळं त्याला जमिनीवरच मिळतं आणि त्यासाठी जमिनीवर कोणाला तरी डोळे मिटावे लागतात.

हे मिटलेले डोळे आपण घराजवळही पाहिले आहेत. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आणि दिघीला हत्यारं व स्फोटकं उतरली. दिघी राजपुरीच्या खाडीवर आहे आणि त्याच खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. सोनं-चांदीच्या चोरट्या मालासाठी वर्षानुवर्षं वापरलेली वाट होती ती. ठरलेले हप्ते घेऊन ती वाट मोकळी ठेवणारी माणसं सीमाशुल्क खात्यात होती, पोलिसांत होती आणि पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी अनेकांवर दोष सिद्ध झाला. १२ मार्च १९९३ ला त्या वाटेनं आलेल्या आरडीएक्सनं मुंबईत २५७ जीव घेतले. ट्रॉटला आपण नेमकं काय आत घेतोय हे बहुधा ठाऊक होतं. शेखाडीच्या हप्तेखोरांनी ते विचारण्याची तसदी घेतली नाही. मला दुसऱ्या प्रकारच्या माणसाची भीती जास्त वाटते.

एव्हरीच्या टोळीतले काही जण मात्र सापडले. ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनला खटला उभा राहिला. मोगल जहाज लुटल्याच्या आरोपातून ज्युरीनं त्यांना चक्क निर्दोष सोडलं. दूरच्या ‘मूर’ लोकांचं जहाज लुटणं हा फाशीचा गुन्हा आहे हे लंडनच्या सामान्य ज्युरीच्या मनाला पटत नव्हतं. सरकार हादरलं, कारण या निकालाची बातमी सुरतेत पोचली असती तर कंपनीचा व्यापारच संपला असता. मग बारा दिवसांत त्याच माणसांवर, बंड करून जहाज पळवल्याचा वेगळा आरोप ठेवून दुसरा खटला भरला आणि नोव्हेंबरमध्ये पाच जणांना फासावर चढवलं. पुढे १७०० सालचा कायदा आला. त्यानुसार चाच्यांचा न्याय वसाहतीतच, ज्युरीशिवाय, नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या न्यायालयात करता येऊ लागला. गुन्हा असा की नेहमीचा कायदा अपुरा, म्हणून खास कायदा आणि खास न्यायालय, हा विचार तिथून चालत आला आहे. आपल्याकडचा १९८५ चा टाडा, २००२ चा पोटा आणि आजचा यूएपीए याच विचाराच्या वाटेवर आहेत.

त्याच काळात चाच्यांचा बंदोबस्त करायला कॅप्टन विल्यम किड याला सरकारी परवाना देऊन हिंदी महासागरात पाठवलं होतं. खर्च बड्या लोकांचा आणि लुटीत वाटा ठरलेला. किडनं जानेवारी १६९८ मध्ये ‘केदाह मर्चंट’ हे मालानं भरलेलं जहाज धरलं आणि तो स्वतःच चाचा ठरला. १७०१ मध्ये त्याला फाशी दिली. पकडलेल्या जहाजांकडे फ्रेंच परवाने होते, म्हणून आपली कारवाई कायदेशीर होती, हा त्याचा बचाव होता. पण ती कागदपत्रं खटल्याच्या वेळी त्याला मिळाली नाहीत. विसाव्या शतकात ती लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडली.

आता कान्होजी आंग्रे.

इंग्रजांच्या दप्तरात मराठा आरमाराच्या या सरखेलाचं नाव जवळजवळ प्रत्येक वेळी ‘चाचा’ म्हणूनच येतं. त्याचा गुन्हा काय होता? कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं आमचं दस्तक घ्यावं, जकात द्यावी आणि तसं न केल्यास जहाज धरलं जाईल, असा त्याचा नियम होता. हाच नियम पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ या नावानं चालवला होता. इंग्रज कंपनीही परवाने देत होती. कान्होजीला ही सत्ता साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यातून मिळाली होती. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथानं त्याला शाहू महाराजांच्या पक्षात आणलं, तेव्हा सरखेलपद आणि किल्ले त्याच्याकडे रीतसर कायम झाले. इंग्रजांशीही त्याचा त्याच सुमारास तह झाला. पुढे बिनसलं ते एका व्यावहारिक प्रश्नावरून. कंपनीच्या झेंड्याखाली खाजगी व्यापाऱ्यांचा माल जात असेल तर तो माल कंपनीचा मानायचा की व्यापाऱ्याचा? कान्होजी म्हणत होता, सवलत कंपनीला दिलीय, तिच्या नावावर फिरणाऱ्या प्रत्येकाला नाही.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्यानं शहराभोवती तट बांधला, आरमार वाढवलं आणि कान्होजीवर एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७ ला विजयदुर्ग, १७१८ ला खांदेरी, १७२० ला तोफांचा तरंगता तराफा घेऊन पुन्हा विजयदुर्ग. प्रत्येक वेळी हात हलवत परतावं लागलं. १७२१ अखेर पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली आणि मदतीला कमोडोर थॉमस मॅथ्यूज राजाच्या आरमाराची जहाजं घेऊन आला. तो खरं तर मादागास्करच्या चाच्यांचा नायनाट करायला निघाला होता. कुलाब्यात बाजीरावाचं घोडदळ आंग्र्यांच्या मदतीला धावून आलं, पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये परस्पर तह उरकला आणि इंग्रज मुंबईला परतले. मायदेशी गेल्यावर याच मॅथ्यूजवर खटला चालला, मोहिमेच्या जहाजांवरून खाजगी व्यापार केल्याबद्दल.

या लढायांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि छाती फुगते. मला मात्र त्या मोहिमांच्या मागे, मुंबईच्या तटाच्या आत घडलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती रामा कामती या माणसाची आहे.

रामा कामती हा मुंबईतला बडा गौड सारस्वत व्यापारी. कंपनीच्या भंडारी शिपायांची फौज त्याच्या हाताखाली होती. १७१५ मध्ये वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं ते त्यानं. १७१८ च्या नाताळात बूननं आपलं नवं सेंट थॉमस चर्च उघडलं, तेव्हा हा आपल्या जातभाईंसह तिथे हजर होता आणि पूर्ण उपासना होईपर्यंत बाहेर उभा राहिला. कंपनीशी त्याच्यापेक्षा जवळचा हिंदू माणूस त्या वेळच्या मुंबईत शोधून सापडला नसता.

खांदेरीच्या मोहिमेत हार झाली. हार झाली की आतला फितूर शोधायचा, ही सगळ्याच सरकारांची सवय. रामा कामती कान्होजीला आतून बातम्या देतो, असा आरोप झाला. पुरावा म्हणून त्याच्या शिक्क्याचं, कान्होजीला लिहिलेलं पत्र पुढे आलं. त्याच्या पदरच्या एका माणसाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून ते आवळले, तेव्हा त्या माणसानं हवा तो जबाब दिला. १७२० मध्ये खुद्द गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागारांपुढे खटला चालला. जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. १७२८ मध्ये रामा कामती कैदेतच मेला. नंतर उघड झालं की पत्र बनावट होतं आणि शिक्काही खोटा होता.

समुद्रावर लढणाऱ्या शत्रूला बून हात लावू शकला नाही. शहरातला जो माणूस त्याच्या हाताशी होता त्याचं आयुष्य मात्र त्यानं पुरतं उद्ध्वस्त केलं. चाच्यांविरुद्धच्या युद्धाचा हिशेब मांडताना बुडालेली जहाजं आणि पडलेले बुरूज मोजतात. रामा कामतीसारखी माणसंही त्या हिशेबात धरली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

आंग्र्यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण शिकण्यासारखं त्यात फार आहे. कान्होजी १७२९ मध्ये गेला. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली. विजयदुर्गावर बसलेला तुळाजी पेशव्यांनाही जुमानेना. त्यानं पेशव्यांच्या मुलखाला आणि जहाजांना उपद्रव दिला हे खरंच आहे. मग नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी तह केला. २ एप्रिलला कमोडोर विल्यम जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गापुढे उभे राहिले. आगीत आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं बंदरातच जळून गेली, किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांची लूट मिळाली. तिचे वाटे इंग्रज अधिकाऱ्यांनी लढाईपूर्वीच आपसात ठरवून घेतले होते आणि मित्र असलेल्या मराठ्यांना त्यातलं काही मिळायचं नव्हतं. किल्लाही तहाप्रमाणे पेशव्यांना द्यायचा होता. तो इंग्रजांनी महिनोन्‌महिने दाबून ठेवला आणि बाणकोट पदरात पडल्यावरच सोडला. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

बूनला पाच वर्षांत जमलं नाही ते वर्षभरात जमलं, याचं कारण किनारा होता. आंग्र्यांच्या मागे मराठी राज्य होतं तोवर किल्ले अजिंक्य होते. ते राज्यच उलट बाजूला गेल्यावर समुद्रकिल्ल्याला जमिनीवरून रसद उरली नाही. शत्रूचा आश्रयदाता फोडा, म्हणजे शत्रू आपोआप पडतो, हा धडा लष्करी दृष्टीनं खरा आहे. पण पेशव्यांनी आपला बेशिस्त सरदार ताळ्यावर आणण्यासाठी आपलंच आरमार परक्याच्या हातून जाळून घेतलं. घरच्या तंट्यासाठी इंग्रजांचा ‘चाचेनिर्मूलना’चा शब्द उसना घेतला. पुढच्याच वर्षी तोच क्लाइव्ह आणि तोच वॉटसन बंगालमध्ये होते. लंडनमध्ये शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेनं १७८४ मध्ये सुवर्णदुर्गाच्या नावानं बुरूज बांधला, तो आजही आहे. आपल्या बाजूला, स्वतंत्र भारताच्या नौदलानं १९५१ मध्ये मुंबईतल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिलं. इंग्रजी दप्तरातल्या चाच्याचं नाव आता चाच्यांविरुद्ध जहाजं पाठवणाऱ्या नौदलाच्या तळावर आहे.

मुंबईच्या इंग्रजांनी हा अनुभव पुढे इराणच्या आखातात वापरला. १८०९ मध्ये त्यांनी रास अल-खैमावर स्वारी करून बंदर जाळलं आणि परतले. काही वर्षांत हल्ले पुन्हा सुरू झाले. १८१९ ला सर विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली मुंबईहून मोठी फौज गेली आणि या वेळी किनाऱ्यावरच्या शेखांशी जानेवारी १८२० मध्ये सर्वसाधारण तह झाला. राज्यानं उघडपणे, घोषित करून केलेली लढाई म्हणजे युद्ध आणि तशा घोषणेविना केलेली लूटमार म्हणजे चाचेगिरी, अशी व्याख्या त्या तहातच लिहिलेली आहे. तिथले पुढचे राज्यकर्ते हे मान्य करत नाहीत. शारजाचे शेख सुलतान अल कासिमी यांनी १९८६ मध्ये ‘अरब चाचेगिरी ही दंतकथा आहे’ असं सांगणारं पुस्तकच लिहिलं. पण जाळून परत येण्यापेक्षा तह करून तिथे गस्त ठेवणं जास्त टिकलं, एवढं या दोन स्वाऱ्यांवरून स्पष्ट दिसतं.

जमिनीवरही असाच शत्रू होता. पेंढाऱ्यांना झेंडा नव्हता. मार्च १८१६ मध्ये त्यांनी गुंटूर भागात साडेअकरा दिवसांत ३३९ गावं लुटली, हा खुद्द कंपनीचा आकडा आहे आणि त्यातले हाल वाचवत नाहीत. लॉर्ड हेस्टिंग्जनं त्यांच्याविरुद्ध लाखाच्या वर फौज उभी केली. पण पेंढाऱ्यांच्या नावानं निघालेलं हे युद्ध वर्ष संपेपर्यंत पेशवे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्याविरुद्धचं युद्ध झालं होतं. २६ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीवर तोफा सुरू झाल्या आणि नागपूरचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. पुढच्या वर्षी कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला, त्यालाही मोडून काढलं. टोळीचा माग काढायचा म्हणून निघायचं आणि राज्यं पालटून परत यायचं, हे आपण एकविसाव्या शतकातही पाहिलं आहे. पेंढाऱ्यांपैकी करीम खान फेब्रुवारी १८१८ मध्ये शरण आला, तेव्हा त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन वसवलं. चितूनं शरणागती पत्करली नाही. तो असीरगडच्या रानात वाघाच्या तोंडी गेला.

कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण समुद्रावर चाच्याला जो आडोसा मिळतो तो इथे घनदाट जंगलानं दिला. गोंदिया आणि गडचिरोलीनं तीन-चार दशकं नक्षलवादाची झळ सोसली. एका बाजूला रात्री येणारं दलम, दुसऱ्या बाजूला दिवसा येणारी पोलिसांची तुकडी आणि मध्ये तेंदूपत्ता तोडणारा गोंड माणूस, ज्याला दोघंही एकच प्रश्न विचारणार: तू त्यांना भाकर दिलीस का?

या लढाईत बंदूक लागली. १९९० मध्ये गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या सी-६० पथकानं ती चालवली आणि स्वतःची माणसंही गमावली. पण २००५ पासून महाराष्ट्रानं आत्मसमर्पण योजना चालवली, तिचं मोल मी बंदुकीपेक्षा कमी मानत नाही. १७१७ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या जॉर्ज राजानं चाच्यांना माफीचा जाहीरनामा काढला. वूड्स रॉजर्स तो घेऊन बहामात गेला आणि शेकडो चाच्यांनी त्याचा लाभ घेतला. ज्यांनी घेतला नाही त्यांचा पाठलाग सोपा झाला, कारण आता त्यांची संख्या कमी होती आणि माफी घेतलेल्यांपैकीच काही जण वाटाडे झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. परत येणाऱ्याला जगायची जागा ठेवली, तर रानात उरलेल्यांची जमीन खचते.

आता पुन्हा मुंबईच्या न्यायालयात जाऊ. नोव्हेंबर १९९९ मध्ये आपल्या तटरक्षक दलानं आणि नौदलानं ‘अलोंद्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज पाठलाग करून पकडलं. चाच्यांनी त्याचं नाव बदललं होतं आणि मूळ खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं होतं. पकडलेल्या इंडोनेशियन चाच्यांना मुंबईत २००३ मध्ये शिक्षा झाली, पण २००५ मध्ये ती उच्च न्यायालयात टिकली नाही. चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून त्या वेळी भारतीय कायद्यात कुठे नव्हताच. समुद्रावर जिंकलेली लढाई न्यायालयात हरलो, तरी कोणी ‘पुढच्या वेळी पकडूच नका’ असं म्हटलं नाही, याचा मला अभिमान वाटतो.

आणि बधवार पार्कला उतरलेल्या दहा जणांपैकी कसाब. पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत त्याची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसलं, सरकारी खर्चानं त्याला वकील मिळाला. शेकडो साक्षीदार तपासले. मे २०१० मध्ये न्या. एम. एल. तहलियानी यांनी त्याला फाशी सुनावली, वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली. हे सगळ्यांना आठवतं. याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघंही भारतीय. त्यांनी हल्ल्यासाठी नकाशा काढून दिला असा आरोप होता. तो नकाशा मारल्या गेलेल्या एका हल्लेखोराच्या विजारीच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. विजार रक्तानं भिजलेली आणि कागदावर मात्र रक्ताचा डाग नाही, हे न्यायाधीशांनी टिपलं. त्या पुराव्यावर विश्वास ठेवायला त्यांनी नकार दिला आणि दोघांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ही सुटका टिकली. १६६ प्रेतांचं दुःख ताजं असताना, ज्या शहरात १७२० मध्ये खोट्या शिक्क्याच्या पत्रावर रामा कामतीला जन्मठेप झाली होती त्याच शहरात हे झालं. कसाबच्या फासाइतकाच हा सुटकेचा निकालही मी दहशतवादाविरुद्धच्या लढाईतला विजय मानतो.

चाचेगिरीविरोधी कायदा संसदेनं अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं चाळीस तासांच्या मोहिमेत ‘रुएन’ हे अपहृत मालवाहू जहाज सोडवलं. मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले, सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि पस्तीस सोमाली चाचे शरण आले. २३ मार्चला त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं. नव्या कायद्यात खास न्यायालयांची तरतूद आहे, जन्मठेप आहे आणि कोणाचा जीव गेला असेल तर फाशीही. आरोपीकडे हत्यारं सापडली अशा ठरावीक परिस्थितीत गुन्हा त्यानंच केला असं गृहीत धरण्याची आणि निर्दोष असल्याचं त्यालाच सिद्ध करायला लावण्याची तरतूदही त्यात आहे.

हे शेवटचं कलम मला डाचतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या. ‘एकावत नावा ५’चे खलाशी, कुबेरचा तांडेल, केरळचे हे दोघे, सगळे मासे पकडायला निघालेले होते. चाचा त्यांचीच होडी पळवतो आणि चाच्याला मारायला निघालेल्याची गोळीही आधी त्यांनाच लागते. बधवार पार्कला त्या रात्री दहा अनोळखी पोरांना ‘कोण तुम्ही?’ असं सगळ्यात आधी विचारलं तेही मच्छीमार वस्तीतल्या माणसांनीच. नंतर किनाऱ्यावर ओळखपत्रं आली, होड्यांना रंग ठरले, सागरी पोलीस ठाणी झाली. त्या ठाण्यात मच्छीमार खबर द्यायला आला, तर आधी त्याचीच झडती होणार नाही याची त्याला खात्री असली पाहिजे. नव्या कायद्यातलं ते कलम कोणाला कसं लागतं, हे मुंबईच्या न्यायालयात आता ठरेल, आणि आपण सगळ्यांनी त्याकडे बारकाईनं पाहिलं पाहिजे.